निशिगंधाचा पहिला खिळा

लग्नाला सोळा वर्षं झाली तरी निशिगंधाने कुठल्याही भिंतीत एकही खिळा ठोकला नव्हता. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण खरंच होतं ते. नवरा मिथुन फौजेत. पहिल्या क्वार्टरमध्ये पाऊल टाकलं तेव्हाच शेजारणीने बजावलं होतं, की भिंतीला भोक पाडू नकोस, सोडताना भिंती तपासतात आणि नुकसान पगारातून कापतात. ते तिच्या डोक्यात असं काही बसलं, की दोघांच्या लग्नाचा फोटो पठाणकोटपासून सिकंदराबादपर्यंत टॉवेलात गुंडाळूनच फिरला. फार तर काळ्या ट्रंकेवर भिंतीला टेकवून ठेवायचा. सासर वडखळजवळ, खाडीकाठी. सुट्टीत तिकडे गेली की धाकटा दीर हरेश चिडवायचा, "वैनी, तुमचं बिऱ्हाड म्हंजे एसटी. थांबा आला का उतरायचं, नाय तर चाललं पुढं."

मुलगी मनस्वी आठवीत जाईपर्यंत सहा शाळा झाल्या होत्या. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. छावणीच्या शाळेत सगळीच पोरं अशी आलेली आणि जाणारी. दाखला द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बसायचं. मनस्वी प्रत्येक शाळेत दाराजवळचं बाक धरायची. तिसरीत असताना आईने कारण विचारलं, तर म्हणाली, "वहाँसे निकलना आसान होता है, मम्मी." निशिगंधाला तेव्हा तिच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

मग ऐन दिवाळीत मिथुनची बदली सरहद्दीकडे झाली. तिथे बायको-पोरं नेता येत नाहीत. मायलेकी सामान घेऊन वडखळला उतरल्या आणि शाळेचा शोध सुरू झाला.

पेणला तिच्याबरोबर सासरे काळुराम आले. जन्मभर मिठागरात राबलेला माणूस. कचेरीत शिरताना चपला बाहेर काढायचे. एका शाळेत सांगितलं, आठवीला जागा नाही. दुसरीत विचारलं, पोरीला मराठी वाचता येत नाही का? मनस्वीला बोलता यायचं, पण वाचायला गेली की प्रत्येक अक्षराला अडखळायची. तिसरीकडचा कारकून तर वैतागलाच. "अर्धं वर्ष संपल्यावर कसले आलात? जूनमध्ये करून घ्यायची ना बदली."

"बॉर्डरवर जून कोन इचारतो, सायेब?" काळुराम म्हणाले आणि चपला शोधायला बाहेर गेले. त्यांचे कान लाल झाले होते.

शेवटी रोह्याच्या एका शाळेने हो म्हटलं. खाडीकाठच्या गावातून रोज तिथवर येऊन-जाऊन पोरीचे हाल झाले असते. म्हणून निशिगंधाने रोह्याला लागूनच असलेल्या वरसे गावात इंदुबाई नावाच्या बाईंची एक खोली भाड्याने घेतली. काळुरामांना ते लागलं. "घर असून भाड्याची खोली? लोकं काय म्हनतील गो?"

"लोकं तिला शाळेत घेत नाहीत ना, बाबा," ती म्हणाली.  काळुरामांनी ट्रंक मात्र स्वतः उचलून टेम्पोत ठेवली.

वरशातले दिवस लांब होते. आजूबाजूचे पुरुष कंपनीत. त्यांच्या शिफ्टनुसार बायकांच्या चुली आणि गप्पा चालायच्या. निशिगंधाच्या दिवसाला कसलीच शिफ्ट नव्हती. मनस्वी शाळेत गेली की चार भांडी घासायची आणि मग बसून राहायचं. मिस्टर कुठे असतात, असं कुणी विचारलं की ती सांगायची, मिलिटरीत. समोरची म्हणायची, अरे वा. आणि त्या 'अरे वा'पुढे बोलणंच सरकायचं नाही. सव्वीस जानेवारीला झेंड्याजवळ पहिल्या रांगेत तिला खुर्ची मिळायची. सत्तावीस तारखेला ती पुन्हा कुणाचीच कुणी नसायची. मिथुनचा फोन रेंज मिळाली तर यायचा. "बरी हायस ना?" "व्हय." एवढ्यात आवाज तुटायचा. आपण एकट्या पडलोय हे ती कुणाला सांगत नव्हती, पण संध्याकाळी कुकरमध्ये दोघींपुरता भात लावताना तिसऱ्याची मूठ तांदळात पडायची आणि ती परत काढायची.

खोलीतली भिंत कोरी होती. इंदुबाई एकदा म्हणाल्या, "फोटू काय गो ट्रंकेवर? ठोक की खिला. भित पडायची नाय."

"कशाला, काकी? आज ना उद्या जायचंच आहे."

तो दिवस उजाडला. मनस्वी नववी संपवून दहावीत गेली होती, शाळा नुकतीच उघडली होती. मिथुनचा फोन आला, या वेळी आवाज अगदी स्वच्छ. "निशी, झाशी मिळाली. क्वार्टरपन मिळाली. दोन खोल्या हायत, मागं आंबा हाय. पोरीचा दाखला काढ, मी न्यायला येतो." फोन ठेवल्यावर निशिगंधा एकटीच हसली. दीड वर्ष ती याच निरोपाची वाट पाहत होती. त्याच दुपारी ट्रंक झटकली, फोटो पुन्हा टॉवेलात गुंडाळला, इंदुबाईंना सांगून टाकलं. मनस्वीला सांगितलं तेव्हा ती "ठीक आहे" म्हणाली आणि गणितं सोडवत राहिली. ती कधीच हट्ट करायची नाही. सगळ्या शाळांतल्या बाई हेच म्हणायच्या, किती शहाणी मुलगी, कुणाशी म्हणून भांडण नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत निशिगंधा दाखल्यासाठी शाळेत गेली. कचेरीकडे जाताना दहावीचा वर्ग लागला, तिने सहज आत डोकावलं. दाराजवळच्या बाकावर कुणी दुसरीच मुलगी. मनस्वी दिसेना. मग वर्गाच्या मधल्या बाकांवरून तिचाच आवाज आला, चांगला चढलेला.

"नाय गो भूमिका, कालपन तूच खाल्लीस. आज नाय देनार."

"माझ्या आयशीनं केलेली चटनी, नि तू मलाच नाय देत?"

दोघी मैत्रिणी जवळ्याच्या, म्हणजे सुक्या बारीक कोळंबीच्या, चटणीच्या एका डब्यासाठी हमरीतुमरीवर आल्या होत्या. मनस्वीने डबा छातीशी धरला होता, वेणी सुटली होती, आणि हसता हसता ती भूमिकाला कोपराने ढकलत होती. निशिगंधा दाराची चौकट धरून उभी राहिली. आपल्या पोरीला भांडताना ती पहिल्यांदाच बघत होती. इतकी वर्षं जे शहाणपण म्हणून मिरवलं, ते पाहुण्याचं वागणं होतं. पाहुणी कशाला कुणाशी भांडेल?

एवढ्यात मनस्वीचं लक्ष दाराकडे गेलं. आई शाळेत कशाला येते हे तिला पाठ होतं. तिने डबा भूमिकाच्या हातात दिला, बोटं पुसली आणि दप्तराला हात घालत शांतपणे विचारलं, "कधी निघायचं, मम्मी?"

निशिगंधाने चौकट सोडली. "कुठे नाही निघायचं," ती म्हणाली. "डबा संपव आधी." आणि कचेरीत न जाताच ती परतली.

घरी येऊन तिने मिथुनला फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं, झाशीला येणार नाही हेही. 

"दहावीपर्यंत?" त्याने विचारलं.

"मग बारावी पण इथंच. आता तिला उठवायचं नाही."

"तवर माझी नोकरी संपंल, निशी."

"व्हय."

"मी तुझ्यासाठी क्वार्टर मागितली होती गो." त्याचा आवाज खाली आला. "बरं. पोरीचं बग. मी येन सुट्टीत." या वेळी फोन रेंजमुळे तुटला नव्हता. त्यानेच ठेवला होता.

ती उठली आणि इंदुबाईंकडून हातोडी मागून आणली. सवय नव्हती. पहिला घाव अंगठ्यावर बसला, खिळा वाकला. दुसरा कसाबसा आत गेला. टॉवेल सोडून तिने लग्नाचा फोटो भिंतीवर लावला.

मनस्वी आली, उंबऱ्यातच थबकली. फोटोकडे पाहिलं, मग आईच्या सुजलेल्या अंगठ्याकडे.

"अजून एक खिळा हाय काय गो, मम्मी?" तिने विचारलं. "माझ्या दप्तराला."

निशिगंधाने तिला खिळा दिला, हातोडी दिली आणि ट्रंकेवर बसून पदर तोंडाला लावला. लेक राहायला आली होती. फोटोतला माणूस आता नोकरी संपेपर्यंत फक्त सुट्टीपुरता येणार होता.