व्हिसा जर्मनीचा, उतरायचे झुरिकला

परदेश प्रवासाचे किस्से प्रवासात घडतात, असा एक समज आहे. आमच्या घरचा अनुभव निराळा आहे. ते निघण्यापूर्वीच साचू लागतात, आणि घरात एखादी व्यक्ती काळजी करणारी असली की दुपटीने साचतात. आमच्या घरी ती व्यक्ती मी!

माझी ताई जर्मनीत, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत राहते. पहिले बाळंतपण, आणि जवळ वडीलधारे कोणी नाही. ‘आई, तू येईपर्यंत बाळाला थांबवून ठेवते,’ असे ती फोनवर हसत म्हणाली आणि फोन बंद करायचे विसरून रडली. ते आम्ही ऐकले. त्यानंतर ब्रह्मपुरीच्या आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. आईबाबांनी वेळेत पोहोचायचे होते, आणि मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेले असल्यामुळे, म्हणजे मला इंग्रजी वाचता येत असल्यामुळे, नियमांची जबाबदारी माझ्यावर आली.

* * *

व्हिसाच्या फोटोत चेहरा निर्विकार हवा. हसू चालत नाही. फोटो स्टुडिओवाले शंकरभाऊ मात्र सवयीने म्हणाले, “बाई, थोडं हसा ना!”

आई हसली. मी ओरडले, “हसायचं नाही!”

पुन्हा तेच झाले. शेवटी आईने पदर सारखा केला आणि मला विचारले, “काऊन व, पोरीच्या देशात हसाले बी परवानगी लागते काय?”

शंकरभाऊंनी नेमके तेव्हा बटण दाबले. फोटो नियमानुसार उत्तम आला. आई खरोखरच चिडली होती!

* * *

प्रवासविमा शेंगेन गटातल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या सर्व देशांत चालणारा हवा, हे मी विमा एजंटला बजावून सांगितले होते. त्याने घरी येऊन अटी मोठ्याने वाचल्या: उपचार, रुग्णालय, आणि मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च.

“शुभ कामाले निघून राह्यलो अन् हे काय वाचता भाऊ!” आईने कानांवर हात ठेवले.

बाबा मात्र विचारात पडले. “थांब व. म्हणजे जिता आलो तं तिकीट आपलं, अन् मेलो तं कंपनीचं?”

एजंटने मान डोलावली.

“मंग हे पयले सांगाले पाह्यजे होतं बाप्पा! एका बाजूचंच काढलं असतं!”

* * *

नागपूरच्या व्हिसा केंद्रात जाताना मी बाबांकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती. आपण परत येणार आहोत, हे पटले पाहिजे. पटले नाही तर नकार, आणि पुन्हा अर्ज करायला ताईकडे वेळ नाही. काउंटरवरच्या तरुणाने विचारलेही, “काका, परत येणार कशावरून?”

पाठ केलेले उत्तर बाबा साफ विसरले होते.

“धानाचा रोवणा आटोपून निघून राह्यलो साहेब. मंग धान कापाले तुम्ही येता काय?”

तरुणाने सातबाराची प्रत सगळ्यात वर ठेवली.

* * *

व्हिसा आला तो जर्मनीचा. ताईच्या घराजवळचा विमानतळ मात्र झुरिकचा, म्हणजे शेजारच्या स्वित्झर्लंडमधला. शेजारचे शेषरावकाका म्हणाले, “तिकीट वडशाचं अन् उतरायचं आरमोरीले? धरत नाईत काय?”

मुख्य मुक्काम जिथे, व्हिसा तिथला. स्वित्झर्लंडही शेंगेनमध्येच, आणि शेंगेनमध्ये कुठेही उतरता येते. हा नियम मला ठाऊक होता. तरीही काका गेल्यावर मी तो पुन्हा वाचला. मग आणखी एकदा वाचला. शब्द तेच होते, धडधड मात्र वाढली होती!

* * *

तूप, खवा, मांस यांपैकी काही तिकडे नेता येत नाही, हे कळल्यावर आईने डिंकाच्या लाडवांची कढई खाली उतरवली.

“मंग अळीव नेतो.”

“आई, अळीव म्हणजे बियाणे. त्याला प्रमाणपत्र लागेल.”

आईने माझ्याकडे शांतपणे पाहिले. “तूप नाई, खवा नाई, अळीव नाई. बाळंतिणीले काय तुही नियमाची फाइल चारू?”

मी फाइल उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली.

* * *

आईबाबा झुरिकला उतरले, त्याच सकाळी ताईला रुग्णालयात दाखल केले होते. भाऊजी त्यांना गाडीत घेऊन जर्मनीकडे निघाले. पुढचे मला भाऊजींनी सांगितले.

सीमेवर जर्मन पोलिसाने गाडी थांबवली. आधी पासपोर्ट, मग विमा, मग ताईचे निमंत्रणपत्र, हा क्रम मी बाबांकडून पाठ करून घेतला होता. पण वैनगंगेचा पूल ओलांडून दारूबंदीच्या गडचिरोलीत बाबा आयुष्यभर ये-जा करत आले आहेत. नाक्यावरचा पोलीस खिडकीत वाकला की काय करायचे, हे त्यांना शिकवावे लागत नाही.

पोलीस वाकला. बाबांनी तोंड पुढे केले आणि थेट त्याच्या नाकासमोर लांब श्वास सोडला, “हाऽऽ!”

पोलीस दचकून मागे सरला. मागच्या सीटवर आई पुटपुटली, “झालं! आता पोरगी तिथी एकटीच.”

भाऊजींनी चाचरत जर्मनमध्ये सांगितले, की आमच्याकडे नाक्यावर असेच करतात, आणि माझी बायको रुग्णालयात आहे. पोलिसाने पासपोर्ट मागून घेतले, एकेक पान पाहिले, परत दिले. मग खिडकीशी पुन्हा वाकला आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने बाबांसमोर श्वास सोडला, “हाऽऽ!”

बाबांनी नाक पुढे करून रीतसर तपासले.

“चला जवाई, दाबा गाडी! साहेब बी साफ हाय, अन् पोरगी वाट पाहून राह्यली!”