कोल्हा, कुत्री आणि दही-साखर

आमच्या क्लेटन उपनगरातल्या घरी मंडळी जेवून सोफ्यावर रेलली, की कुणीतरी हळूच म्हणतं, "डॉक्टर, तो कोल्ह्याचा किस्सा होऊन जाऊ दे." मग माझी बायको शैला उठून भांडी घासायला जाते. भांडी नसली तरी जाते! तिचंही बरोबर आहे म्हणा. एक किस्सा बाहेर काढावा, तर त्याची शेपटी धरून दुसरा येतो. आणि इतक्या वर्षांत एकाही किश्शात मी शहाणा ठरलेलो नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही पुण्याहून थेट सातासमुद्रापार, व्हिक्टोरिया राज्यातल्या एका खेड्यात जाऊन पडलो. मी तिथला डॉक्टर. एक छोटं हॉस्पिटल, एक पब, बाकी सगळ्या मेंढ्या. हिवाळ्यात मेंढ्या व्यायला लागल्या, की कोल्हे कोकरं पळवायचे आणि दिवसा गवताच्या गंजीत दडून बसायचे. गंजी म्हणजे दोरीने आवळलेले वाळक्या गवताचे चौकोनी गठ्ठे, एकावर एक रचून घराएवढे उंच केलेले. त्यांच्या फटींत छोटी टेरियर कुत्री सोडायची. कुत्री आत गेली की कोल्हा बाहेर, आणि बाहेर बंदुका घेऊन गावातले पुरुष उभे. पुण्यात लोक रविवारी सकाळी पर्वती चढतात, तसा तिथला हा कार्यक्रम!

*

पहिल्यांदा बोलावलं ते शेजारच्या केव्हिनने. केव्हिन मेंढ्यांचा मोठा शेतकरी, गंजी त्याचीच. म्हणाला, "रविवारी सकाळी ये, डॉक. सगळे असतात."

सगळे असतात म्हटल्यावर शैलाने कडक इस्त्रीचा सूट काढला. वर टाय. पायात पॉलिश केलेले बूट. मी चिखलातून पचक पचक करत पोचलो, तर बाकी सगळे फाटके स्वेटर आणि गमबुटांत!

केव्हिनने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "डॉक, कोल्हा अजून जिवंत आहे. अंत्ययात्रा नंतर!"

मला बंदूक द्यायची हिंमत अर्थातच कुणाला झाली नाही. हातात एक काठी दिली आणि गंजीच्या मागच्या कोपऱ्यात उभं केलं. "इथून कोल्हा कधीच येत नाही," केव्हिन म्हणाला. "आलाच, तर आडवा हो आणि बोंबल."

बोंबला! थोड्याच वेळात लालभडक कोल्हा नेमका माझ्याच पुढ्यात. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. आणि जन्मभर तुळशीबागेतल्या गर्दीत वावरलेला माणूस जे करेल, तेच मी केलं. बाजूला सरकलो आणि म्हणालो, "सॉरी."

कोल्हा गेला की हो निघून!

त्यानंतर कित्येक महिने मी पबमध्ये शिरलो की अख्खा पब उठून भिंतीला चिकटायचा. "सॉरी डॉक! सॉरी! सॉरी!"

*

त्यात मला गवताची ॲलर्जी. डॉक्टर स्वतः, पण रविवारी खिशात गोळ्या आणि दोन मोठे रुमाल. आणि माझी शिंक म्हणजे काय विचारू नका. शैला म्हणते, पुण्यात लग्नाआधीच तिला ऐकू आली होती.

टेरियर असायची म्हाताऱ्या मर्व्हची. हा मर्व्ह माणसांशी दिवसाकाठी चार शब्द बोलणार आणि कुत्र्यांशी तासन्‌तास. कुत्री पैदा करण्यात आणि शिकवण्यात त्याचं पंचक्रोशीत नाव. एकदा तो कुत्र्यांच्या साखळ्या सोडायला वाकला, आणि मला शिंका सुरू झाल्या. एक झाली, दुसरी झाली, तिसरीला गंजीच्या दुसऱ्या टोकाने कोल्हा जीव घेऊन पळाला. बंदुका अजून यूटमध्ये, म्हणजे त्या उघड्या पाठीच्या गाडीत!

मर्व्ह शांतपणे कुत्र्यांकडे वळला. "चला रे घरी. डॉकने आपली नोकरी घेतली."

*

मर्व्हच्या कुत्र्यांत एक होती मिज. पांढरी, कानावर तपकिरी ठिपका, आपल्या मांजराएवढी. बाकीची कुत्री गंजीत उड्या मारून घुसायची आणि ही माझ्या बुटांवर येऊन बसायची. थरथरायची. त्या काळोख्या फटीकडे बघायलासुद्धा तयार नाही.

खरं सांगतो, मला कुत्र्यांची जाम भीती. लहानपणी कुत्रं चावलं होतं आणि पोटात इंजेक्शनं घेतली होती. पण ही बया माझ्यापेक्षा घाबरट, त्यामुळे आमचं जमलं.

एका रविवारी मर्व्ह तिला बघून म्हणाला, "आत न जाणारी कुत्री मी ठेवत नाही." आणि अंगठा बंदुकीकडे केला.

मी घाईघाईने म्हटलं, "मला दे ना! मी पाळतो."

"माझी कुत्री मी सोफ्यावर बसायला देत नाही, मेट. गावात माझं नाव आहे. महिनाभर घेऊन जा. एकदा जरी स्वतःहून गंजीत शिरली, तर तुझी. नाही शिरली, तर माझी." मग बजावलं, "आणि कामाच्या सकाळी तिला उपाशी ठेव. भरल्या पोटी कुत्री काम करत नाही."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात आपल्याला कोण हरवणार!

*

"कुत्रं? घरात? देव आहेत घरात!" शैला कडाडली.

मी म्हटलं, "अगं, महिनाभरात आत शिरली नाही तर गोळी घालणार तिला."

संध्याकाळी मिज स्वयंपाकघरात हीटरसमोर घडी केलेल्या शालीवर होती आणि तिला पोळी कुस्करून दूध मिळत होतं. दुसऱ्या दिवशी ती 'मिजूताई' झाली. मला त्या घरात अजून नुसतं 'अहो'च होतं.

मग ट्रेनिंग! केव्हिनकडून गठ्ठे आणले, मागच्या अंगणात रचले, मध्ये बोगदा ठेवला. मिज बसून राहिली. बिस्किट दाखवलं, चेंडू टाकला. ढिम्म! शेवटी वाटलं, करूनच दाखवावं. मी गुडघ्यांवर बसून डोकं आत घातलं आणि कोल्हा दिसल्यासारखा भुंकलो. मग खांदे घातले. मग अडकलो. आत अडकलेला मी शिंकतोय, भुंकतोय, आणि मागे मिज आनंदाने माझ्या पायांभोवती नाचतेय.

तेवढ्यात पाठीमागे कुणीतरी खाकरलं. आमच्या हॉस्पिटलच्या मेट्रन! मी फोन उचलत नाही म्हणून स्वतः आल्या होत्या.

"घाई नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पेशंट थांबेल. तुमचं भुंकून झालं की या."

*

महिना संपला. मिज एकदाही आत गेली नव्हती. शेवटच्या रविवारी सकाळी मला चहासुद्धा गेला नाही. स्वयंपाकघरात येऊन बघतो, तर मिजूताई तूप-भाताचा वाडगा चाटूनपुसून साफ करतायत!

"अगं, काय केलंस हे! मर्व्ह म्हणाला होता उपाशी ठेवा!"

"आज परीक्षा आहे तिची," शैला म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "तुम्हाला आईंनी पाठवलं होतं का कधी उपाशी परीक्षेला?" आणि तळहातावर दही-साखर घेऊन तिने मिजच्या तोंडासमोर धरली. मिजने ती चाटली. मग माझ्याही हातावर ठेवली. मी निमूट खाल्ली.

शैलाही आली त्या दिवशी. साडी, वर माझा कोट, खाली गमबूट. थंडी अशी की गवतावर बर्फ. मर्व्हने इतर कुत्री बांधून ठेवली आणि मिजला खाली सोडलं. मी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा मिज गंजीकडे चालली होती. घाई नाही, गडबड नाही. फटीपाशी गेली, हुंगली आणि गेली आत!

"गेली! अहो गेली!" शैला ओरडली. केव्हिनने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की विचारू नका. सगळ्यांनी बंदुका सावरल्या.

मग काहीच नाही. भुंकणं नाही, धडपड नाही, कोल्हा नाही. मर्व्हने शीळ घातली, परत घातली. आतले गठ्ठे सरकले तर कुत्री चेंगरून मरतात, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. मर्व्ह चिखलात आडवा झाला, गठ्ठ्याला कान लावला. उठला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काढा," तो म्हणाला. "सगळी काढा."

बंदुका कुंपणाला टेकवल्या आणि आम्ही ती घराएवढी गंजी उतरवायला लागलो. मी शिंकत, शैला पदर खोचून, मर्व्ह तर वेड्यासारखा. दोऱ्यांनी हात कापले त्याचे, पण थांबायला तयार नाही. सारखं पुटपुटत होता, "कशाला पाठवलं मी तिला, कशाला पाठवलं."

अगदी तळाचा गठ्ठा केव्हिनने उचलला. खाली एका उबदार खळग्यात मिजूताई पोट वर करून घोरत होत्या! आणि हातभर अंतरावर, खळग्याच्या भिंतीला पाठ लावून, अख्खा कोल्हा तिच्याकडे बघत बसलेला.

कोल्हा उठला आणि सरळ केव्हिनच्या अंगावर आला. केव्हिनच्या दोन्ही हातांत गठ्ठा. तो टुणकन बाजूला सरकला आणि म्हणाला, "सॉरी, मेट."

बोलून गेल्यावर त्याने आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. सगळ्यांनी ऐकलं होतं!

मर्व्हने मिजला उचललं, कोटाच्या आत घेतलं आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मग येऊन तिला शैलाच्या हातांत दिलं. ही अजून झोपेतच!

मी घाबरत विचारलं, "मर्व्ह... मग? पास?"

"आत जायचं ठरलं होतं," मर्व्ह म्हणाला. "कोल्ह्याचं कुणी काही बोललं नव्हतं."

पुढच्या रविवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात मर्व्ह. टोपी काढलेली, दाढी केलेली, काखेत एक नवं पिल्लू. आयुष्यात पहिल्यांदा गंजीवर निघालेलं.

माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. शैलासमोर उभा राहिला आणि पट्ट्या बांधलेला तळहात पुढे केला.

"डावा नको," शैला म्हणाली. "उजवा."

मर्व्हने पिल्लू दुसऱ्या काखेत घेतलं आणि हात बदलला.