खुंटीवरचा पाइप

"फसलं का? बेस झालं! टांगा खुंटीला."

उमरीजवळच्या आमच्या शाळेत विज्ञानाच्या बाई हे रोज एकदा तरी म्हणायच्या. पोरांनी बनवलेली वस्तू चालली नाही की ती फेकायची नाही, बनवणाऱ्याच्या नावासकट वर्गातल्या खुंटीला टांगायची. काड्यांचा मोडका पूल, न फिरलेली पवनचक्की. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही माझ्यासारखंच म्हणाला असता, हा वर्ग की भंगाराचं दुकान?

मी गणिताचा मास्तर. माझं दुखणं वेगळंच होतं. दुपारच्या खिचडीनंतर आठवीवर माझा तास. हात धुवायला नळ दोनच, त्यामुळे पोरं येईपर्यंत अर्धा तास उडालेला. परीक्षा तोंडावर आली तरी वर्तुळाचं क्षेत्रफळ तसंच पडलेलं. बाईंपुढे मी रडगाणं गायलं.

"मग सर, नळच नवा करू की. पोरं करतील, हिशेब तुम्ही सांगा."

मी ऐटीत सांगितला. एक इंची पाइप, त्याला अर्ध्या इंचाची दहा भोकं. पोरांनी पाइप आडवा बांधून पाणी सोडलं. पहिल्या तीन भोकांतून धो धो, पुढे करंगळीएवढी धार आणि शेवटची चार कोरडी ठणठणीत!

"फसलं का?" बाईंचा चेहरा खुलला. "सर, नाव लिवू का तुमचं?"

"बाई, पोरांसमोर नको हो."

चिठ्ठीवर लिहिलंच आणि पाइप खुंटीला टांगला. 'हिशेब : गणिताचे सर.' दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

पोरं मात्र आलेख कागदावर गोल काढून चौकटी मोजत बसली होती. तिसऱ्या दिवशी एक मुलगी उठली. "सर, अर्ध्या इंचाची चारच भोकं मिळून पाइपाचं तोंड होतंय. आपण तर धा पाडली!"

धडा मी अजून शिकवलाच नव्हता.

दुसऱ्या पाइपाला पाव इंचाची भोकं पाडली. दहाही धारा चालल्या. घंटा झाली तेव्हा सगळी पोरं ओल्या हातांनी जागेवर बसलेली होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझी चूक इतक्या मायेनं कुणी दाखवली नव्हती.

पुढे बाईंची लातूरकडे बदली झाली. माझ्याकडून धड आभारही मानून झाले नाहीत.

यंदा वर्ग रंगवायला काढला. खुंटीवरचा पाइप दाखवत रंगारी म्हणाला, "सर, हे भंगार टाकून देऊ का?"

"रंग वाळला की त्याच खुंटीला टांगा," मी म्हणालो. "आणि चिठ्ठी जपा. नाव माझं आहे."