पेप्टाइड बंधातला रुमाल

"तुम दोनों रुमाल के सिरे पकड़ लो," सर म्हणाले.

लखनौची शाळा. अकरावी. नव्वदीची सुरुवात. विज्ञान प्रदर्शनात प्रथिन कसं बनतं ते आम्ही उभं करून दाखवणार होतो. गोल करून उभ्या मुली म्हणजे रायबोसोम. आत मी आणि मृणाल, दोन अमिनो आम्लं. रायबोसोम आम्हाला जवळ आणणार, नेमकं समोरासमोर धरणार, मग आम्ही हात धरायचे. तोच पेप्टाइड बंध. तो जोडतं कोण, रायबोसोममधली प्रथिनं की आरएनए, हे तेव्हा शास्त्रज्ञांनाही पुरतं ठाऊक नव्हतं.

कालपर्यंत तालमीत मृणाल माझा हात धरत होती. आज तिनं हात पाठीमागे नेले. सरांच्या कानात काही बोलली. सरांनी खिशातून रुमाल काढला.

मला लगेच कळलं. लखनौत आमच्या आडनावावरून जात कुणाला ओळखता येत नव्हती. माझे बाबा लष्करात हवालदार. म्हणायचे, "इथं कुणाला कळत न्हाई. गुमान शिक." पण मृणाल मराठी, शास्त्रज्ञाची मुलगी. आदल्या संध्याकाळी तिनं मला अलीगंजला घरी नेलं होतं. तिच्या आईनं हौसेनं पोहे दिले. "किती दिवसांनी आपलं माणूस आलं." मग आडनाव विचारलं. मग गाव. मग, "गावात कुठल्या बाजूला घर?" मी खरं सांगितलं.

"अच्छा," म्हणाल्या. आणखी पोहे घेतेस का, विचारलं नाही.

मी सरांना म्हटलं, "सर, इस बॉन्ड के बीच में कपड़ा होता है?"

"नाटक है, बेटा. बात मत बढ़ाओ."

मृणाल खाली बघत पुटपुटली, "आईनं सांगितलंय." मराठीत. बाकीच्यांना कळू नये म्हणून.

मी ते मोठ्यानं हिंदीत सांगितलं. तिच्या आईचा निरोप. माझी जात. सगळं. रुमाल सरांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले.

माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली. त्यांना बक्षीसही मिळालं. घरी हे सांगितलं त्या रात्री बाबा जेवले नाहीत. "आता समद्यांना कळलं," एवढंच म्हणाले.

"कळू द्या," मी म्हटलं.

आज मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. कुणी गोड मराठीत गाव विचारलं की अजून सावध होते. हा संशय मी घरून आणलेला नाही. असं विचारणाऱ्यांनीच तो दिलाय, आणि मी तो टाकणार नाही. गाव सांगते, वस्ती सांगते, जातही सांगते. मग समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहते. नजर आधी मी हटवत नाही.