एका टोकाला केबिन

सिद्धार्थ, मैत्री,

तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. निवृत्त झालेलं ते डिझेल इंजिन रंगवून उभं केलंय. खाली लिहिलंत, "सो ब्युटिफुल! आजोबा याच्यावरच होते ना?" होते, थोडेच महिने. रंग पाहून माझं डोकं फिरलं, म्हणून आज लिहिते आहे.

लग्नानंतर कामठी सोडली तेव्हा आई फलाटावर म्हणाली, "जाय बिनधास्त. थे नवीन गाव हाय. तिथं घराले नंबर असते, जात नसते." बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते. मी तिच्यावर विश्वास ठेवला.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. खुर्सीपारच्या आमच्या दोन खोल्यांत दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत लोखंडाच्या धुळीने लाल होत. आजोबा वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. तिथे ड्रायव्हर, फायरमन सगळेच कोळशाने काळे. फावड्यावर भाकरी गरम करायची आणि वाटून खायची.

मग खनिजाच्या गाड्यांना डिझेल लागलं. पुस्तकं सगळी इंग्रजीत. मिशनच्या शाळेतलं माझं इंग्रजी तेव्हा कामाला आलं. आजोबा परीक्षा पास झाले आणि डिझेलचे असिस्टंट म्हणून लागले. पहिल्या दिवशी मी त्यांना इस्त्रीचा पांढरा शर्ट दिला.

केबिन स्वच्छ, बसायला खुर्ची. कोळसा गेला आणि जात दिसू लागली. ड्रायव्हरने सांगितलं, "तेरा गिलास बाहर रख. मेरी सुराही को हाथ मत लगाना."

आता त्या इंजिनाची गंमत ऐका. त्याला केबिन एकाच टोकाला. यंत्राचं लांब नाक पुढे करून निघालं की ड्रायव्हरला दुसऱ्या बाजूचं काही दिसायचं नाही. तिकडचा सिग्नल आजोबांनी पाहून ओरडून सांगायचा, तेव्हा गाडी पुढे जायची. त्यांच्या डोळ्यांवर विश्वास, हातच्या पाण्यावर नाही!

एकदा निघण्यापूर्वी त्याने पुन्हा गिलासवरून टोकलं. आजोबा म्हणाले, "साहब, आँखें भी बाहर रख दूँ? फिर सिग्नल आप ही देख लेना."

खाली उभे असलेले यार्डातले खलाशी हसले. ड्रायव्हरने वर तक्रार केली: उद्धट आहे. आजोबांना पुन्हा कोळशावर पाठवलं. घरी येऊन त्यांनी काजळीने भरलेला शर्ट काढला आणि म्हणाले, "मले डोये म्हून ठेवलं होतं, मानूस म्हून नाही." त्या ड्रायव्हरला कोणी एक शब्द विचारला नाही. वाफेची इंजिनं बंद होईपर्यंत आजोबा फावडंच मारत राहिले. त्यांचा खोकला तुम्ही लहानपणी ऐकलाय.

आईचं ते वाक्य खोटं निघालं, याचा राग मला अजून येतो. माझ्यासाठी घर म्हणजे जिथे ते वाक्य खरं करावं लागतं ती जागा. आजोबांनी ते आमच्या उंबऱ्यापुरतं केलं. दाराशी माठ ठेवला, त्यावर एकच पेला. शेजारी, पाहुणे, गॅसवाला, सगळे त्यातूनच पितात. ज्याला चालत नाही त्याने तहानलेलं जावं.

तुमच्या फोटोतलं सोडलं, तर तसली इंजिनं भंगारात गेली. माठ दोनदा फुटला, नवा आणला. पेला तोच आहे.

तुमची आजी