मामींनी घासलेल्या नळ्या

नळीमामांना मातीचं भारी वेड. जमिनीत भोक पाडायचं, खालच्या मऊ चिकणमातीत पोलादी नळी दाबायची आणि माती न दुखावता अलगद वर काढायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. नळी वर आली की दोन्ही तोंडांना वितळलेलं मेण ओतायचं, म्हणजे आतला ओलावा आत राहतो. मग प्रयोगशाळेतल्या इंजिनीअर बाई ती माती कापून, दाबून बघतात आणि इमारतीचे पाईल, म्हणजे पायाखालचे खांब, किती खोल न्यायचे ते ठरवतात.

"पोरांना कधी इतकं जपलं नाहीत!" मामी म्हणायच्या. मामा हसायचे. खरंच होतं ते.

त्या खेपेला प्रसूतिगृहाचं काम होतं. प्रयोगशाळेला सुट्टी, म्हणून मामांनी नळ्या घरीच आणून मोरीशेजारी सावलीत उभ्या केल्या आणि दोन दिवस थोरल्या बहिणीकडे गेले. इकडे लेक-जावई जेवायला यायचे होते. मामींना घरात चिखल दिसला की अंगावर काटा येतो. त्यांनी नळ्या खसाखसा घासल्या, तोंडाचं मेण सुरीनं खरवडलं आणि चकचकीत करून गच्चीवर उन्हात ठेवल्या. आणि मग कौतुकाची वाट बघत बसल्या!

मामा आले, मोरीशेजारी नळ्या दिसेनात, तसे गच्चीवर धावले.

"अगं, काय केलंस हे!"

"घासल्या. का हो?"

मामांनी नळीच्या तोंडाशी मातीवर अंगठा दाबला. लोण्यासारखी असायची ती माती घट्ट झाली होती. रागवावं तर बायकोचा चेहरा आधीच एवढासा झालेला. पुन्हा माती काढायला हवी, म्हणून त्यांनी भोकं पाडणाऱ्या ठेकेदाराला फोन लावला.

"यंत्र दुसऱ्या कामावर निघालंय, मामा! टोकं तासा, नवं मेण ओता. झाकली मूठ सव्वा लाखाची. उगाच बोललात, तर पुढच्या कामाला मी दुसरा माणूस बघेन."

त्या रात्री मामा हिशेब मांडत बसले. या वयात त्यांना नवं काम कोण देणार? पण माती वाळली की उगाच ताकदवान दिसते, आणि तिच्यावर विसंबून पाईल आखूड ठरतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सकाळी नळ्या घेऊन ते निघाले. मामीही चप्पल घालून मागोमाग निघाल्या.

"बाई, या नळ्या बाद," मामा प्रयोगशाळेत म्हणाले. "माझ्या हातून उन्हात राहिल्या."

"खोटं बोलतायत ते," दारातून मामी म्हणाल्या. "मी ठेवल्या. त्यांना नका बोलू."

इंजिनीअर बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. हसू दाबत त्यांनी चहा मागवला, आणि ठेकेदाराला फोन करून ठणकावलं, "पुन्हा भोक पाडा. आणि नळी मामाच काढतील." ठेकेदारानं बरीच आदळआपट केली, पण यंत्र परत आणलं. त्यानंतरच्या कामाला मात्र त्यानं दुसराच माणूस नेला. बोलल्याप्रमाणे वागला मेला!

नव्या मातीचा निकाल ऐकायला मामा गेले, तेव्हा मामी घरी वाट बघत होत्या.

"काय म्हणाल्या बाई?"

"खालची माती फार मऊ निघाली. पाईल पार खडकापर्यंत न्यायला लागणार."

"आणि त्या वाळलेल्या मातीवर बांधलं असतं तर?"

"लगेच काही झालं नसतं. हळूहळू खचलं असतं, भिंतींना तडे गेले असते. आत बाळंतिणी..."

मामी पोळी लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं.

"समज, मी गप्प बसलो असतो," मामा म्हणाले, "तर आज मला जेवायला वाढलं असतंस?"

"वाढलं असतं की," मामी म्हणाल्या. "मला कुठं काय कळणार होतं?"

एवढं बोलल्या, आणि पिठाच्या हातांनीच तोंड झाकून रडायला लागल्या.