वरीलप्रमाणे

तळ्याकाठच्या संशोधन केंद्रात मावशींना सगळे मावशीच म्हणत, साहेबसुद्धा. काम काय, तर रोज सकाळी पायऱ्या उतरायच्या, पाण्यात रोवलेल्या खांबावरचा आकडा बघायचा आणि वहीत मांडायचा. बावीस वर्षं. पाणी कालच्याइतकंच असलं की आकड्याऐवजी त्या ‘व. प्र.’ लिहीत, म्हणजे वरीलप्रमाणे. पाणी तरी रोज रोज नवीन काय सांगणार, सांगा!

मग एक नव्या मॅडम आल्या, वयाने मावशींच्या धाकट्या लेकीएवढ्या. त्यांना बावीस वर्षांचा आलेख हवा होता, आणि मावशींचं अक्षर मावशींशिवाय कुणाला लागेना. मॅडमनी त्यांनाच कॉम्प्युटरपुढे बसवलं, आकडे भरता भरता थोडं प्रोग्रॅमिंगही शिका म्हणाल्या. पहिला आठवडा सगळं डोक्यावरून गेलं. एक स्वल्पविराम राहिला तरी मेलं रुसून बसायचं. एकच गोष्ट गमतीची वाटली. ओळीच्या सुरुवातीला # टाकलं की ती ओळ कॉम्प्युटर वाचतच नाही, तो शेरा फक्त माणसांसाठी. मग लिहायचा कशाला, म्हणून मावशी हसल्या होत्या.

हळूहळू हात बसला. दुपारी तळ्याचा उजेड छतावर हलत असायचा, पडद्यावर निळी रेघ सरकत जायची, आणि मावशींना वाटायचं, आपण त्याच पायऱ्या पुन्हा उतरतोय, एकेक सकाळ, धुक्यातून, अनवाणी. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग ‘व. प्र.’ची पाळी आली. मॅडमनी एक ओळ शिकवली. ‘व. प्र.’ दिसलं की वरचा आकडा आपोआप खाली उतरायचा. बोलता बोलता त्या म्हणाल्या, न बघता लिहिलेली एक जरी नोंद यात राहिली, तर सगळ्या वह्या बाद कराव्या लागतील.

मावशींनी एक जुनी वही पुढ्यात ओढली. अकरा वर्षांपूर्वी नवरा अंथरुणाला खिळला, तेव्हा एकोणीस दिवस त्या तळ्याकडे फिरकल्याच नव्हत्या. तो गेल्यावर कामावर आल्या आणि एका दमात एकोणीस वेळा ‘व. प्र.’ लिहून मोकळ्या झाल्या. आताही कुणाला कळलं नसतं. पण ती रेघ त्या दिवसांवरून इतकी सरळ, शांत गेलेली त्यांना बघवेना. त्या दिवसांत वरीलप्रमाणे काहीच नव्हतं.

त्यांनी पडद्यावरच्या त्या दिवसांच्या एकोणीस चौकटी रिकाम्या केल्या आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. रेघ मधेच तुटली.

“हे काय?” मॅडमनी विचारलं.

“तेव्हा मी आलेच नव्हते. हे आजारी होते. खोटं लिहिलंय मी.”

मॅडमनी तुटलेल्या रेघेवर बोट ठेवलं. बाकीच्या ‘व. प्र.’चं काय, त्यांनी विचारलं. ते सगळे बघून लिहिलेत, मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी नजर चुकवली नाही.

“ही जागा रिकामीच ठेवू. बाकी वह्या राहतील,” मॅडम म्हणाल्या. “पण कारण तुम्ही लिहायचं, मावशी.”

मावशींनी # टाकलं. एका बोटाने अक्षरं शोधत लिहिलं: हे एकोणीस दिवस मी घरी होते. ह्यांच्याजवळ.

कॉम्प्युटरने ती ओळ वाचली नाही. मॅडमनी वाचली, आणि आपली खुर्ची मावशींच्या जवळ ओढून घेतली.